स्टेपनी कुठे बसवावी? ऑफ-रोड गाडी नव्याने घेणाऱ्यांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

ठाणे आणि नवी मुंबईत थार, जिम्नी, गुरखा किंवा जुनी जिप्सी घेणाऱ्यांची पहिली धाव बहुधा टायरच्या दुकानाकडे असते. मोठे, खोल नक्षीचे टायर गाडीला लागतात आणि मालक समाधानाने घरी येतो. पाचव्या चाकाचा विचार मात्र शेवटी, दुकानदार विचारतो तेव्हाच होतो. माझेही तसेच झाले. चार टायर बदलल्यावर पाचवेही तेवढेच मोठे घेतले आणि ते मागच्या दारावर होते त्याच ब्रॅकेटवर, मध्ये लोखंडी स्पेसर (अंतर वाढवणारी चकती) घालून, कसून बसवून घेतले. चार महिन्यांनी जुलैच्या पावसात मुरबाडच्या पुढे, टोकावड्याच्या अलीकडे एका कच्च्या रस्त्यावर मागचे दार खडखडू लागले. उतरून पाहिले तेव्हा वरच्या बिजागरीजवळ रंगात नखाएवढी रेघ उमटली होती आणि त्या रेघेतून चहाच्या रंगाचे गंजाचे पाणी ओघळत होते. दाराचा पत्रा फाटू लागला होता. दार उघडले, पण पुन्हा लागेना, कारण ते खाली झुकल्यामुळे कुलपाची जीभ खाचेच्या खाली उतरली होती. कल्याणपर्यंत ते दोराने बांधून आणले.

त्यानंतरच्या दोन वर्षांत मी दोन वेळा स्टेपनीची जागा बदलली, वागळे इस्टेटपासून तुर्भ्यापर्यंत अनेक मिस्त्रींशी बोललो आणि बऱ्याच गाड्यांच्या मागच्या बाजू वाकून पाहिल्या. त्यातून जे कळले ते क्रमाने लिहीत आहे. सर्वांना चालेल अशी एकच जागा नसते. गाडी, टायरचे माप, पार्किंग आणि चाक उतरवणाऱ्याची ताकद पाहून जागा ठरवावी लागते.

पायरी 1 : स्टेपनी खरोखर लागते का, हे आधी ठरवा

2020 मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल झाला. ट्यूबलेस टायर, टायरमधील हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचा संच असेल, तर साडेतीन टनांपर्यंतच्या छोट्या प्रवासी गाडीला स्टेपनीची सक्ती राहिलेली नाही. म्हणून काहीजण मागचे चाक काढून टाकून वजन वाचवण्याचा विचार करतात. शहरात वापरायच्या गाडीपुरते ते एक वेळ चालेल. सह्याद्रीत जाणाऱ्या गाडीसाठी मात्र मी हा सल्ला कधीही देणार नाही. पंक्चरच्या संचातील रबरी दोरी टायरच्या जमिनीला टेकणाऱ्या भागातले भोक बुजवते, पण आपल्याकडचा काळा बेसाल्ट बहुतेक वेळा टायरची बाजू कापतो. बाजूच्या भिंतीला गेलेला दोन बोटांचा काप रस्त्याच्या कडेला बुजवता येत नाही. तेथे दुसरे चाकच लागते आणि तेही त्याच मापाचे. चारही चाकांना इंजिनचा जोर मिळणाऱ्या गाडीत एका चाकाचा व्यास वेगळा असला, तर डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांत जोर वाटणारा दातेरी संच) आणि ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या ॲक्सलमध्ये जोर वाटणारा भाग) यांच्यावर ताण येतो.

(स्टेपनी हा शब्द आपण इतका सहज वापरतो की तो परका वाटतच नाही. वेल्समधील लानेल्ली या गावच्या स्टेपनी स्ट्रीटवर 1904 च्या सुमारास जादा चाक तयार होऊ लागले, त्या रस्त्याचे नाव आपल्या प्रत्येक पंक्चरवाल्याच्या तोंडी आहे.)

पायरी 2 : चाकाचे माप आणि वजन स्वतः काढा

टायरच्या बाजूवर 255/65 आर 18 अशासारखा आकडा असतो. पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा त्या रुंदीच्या किती टक्के टायरची बाजू उंच आहे ते, आणि तिसरा रिमचा व्यास इंचांत सांगतो. या उदाहरणात बाजूची उंची 166 मिमी, रिमचा व्यास 457 मिमी, म्हणजे पूर्ण चाकाचा व्यास सुमारे 789 मिमी होतो. जिम्नीच्या 195/80 आर 15 चा व्यास 693 मिमी भरतो. हे गणित करून कागदावर लिहून ठेवा, कारण पुढची जवळजवळ प्रत्येक अडचण या एका आकड्यावरून कळते : चाक नंबर प्लेट झाकेल का, बंपरला घासेल का, गाडीखालच्या जागेत मावेल का.

वजन मात्र आकड्यावरून कळत नाही. भंगारवाल्याच्या किंवा किराणा गोदामाच्या काट्यावर चाक रिमसकट ठेवून पाहा. माझ्या गाडीचे मूळ चाक 27 किलो भरले होते आणि नवे 36 किलो. नऊ किलोंचा फरक ऐकायला लहान वाटतो, पण खड्ड्यातून उसळताना तो वजन म्हणून न राहता झटका म्हणून दारावर येतो आणि बिजागरीला दर वेळी नव्याने खेचतो.

पायरी 3 : वजन गाडीच्या कोणत्या भागावर येते, ते समजून घ्या

मिस्त्रीकडे जाण्यापूर्वी एक प्रश्न स्वतःला विचारा : हे चाक ज्याला लटकले आहे, तो भाग कशाला जोडलेला आहे? दारावरचे चाक दाराच्या पत्र्याला, पत्रा बिजागरीला, बिजागरी बॉडीच्या खांबाला आणि बॉडी रबरी बुशांवरून चॅसीला, अशी ती साखळी असते. यातील सर्वांत अशक्त कडी म्हणजे पत्रा. चॅसीला जोडलेल्या कॅरिअरमध्ये, म्हणजे चाक धरणाऱ्या लोखंडी चौकटीत, मधल्या तीन कड्या गळतात.

दुसरी गोष्ट तरफेची. थारचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमधले अंतर, 2,450 मिमी आहे. मागच्या ॲक्सलच्या मध्यापासून सुमारे एक मीटर मागे 36 किलोंचे चाक टांगले, तर पुढच्या चाकांवरचा जवळपास 15 किलो भार कमी होतो आणि मागच्या ॲक्सलवर 36 ऐवजी 51 किलो येतात. त्याला लोखंडी बंपर आणि कॅरिअरचे 40 किलो जोडले, की पुढचा ॲक्सल 31 किलोंनी हलका होतो. ओल्या चिखलातून चढ चढताना पुढच्या चाकांना पकड हवी असते, आणि नेमके तिथेच आपण वजन काढून घेतलेले असते. म्हणून चाक शक्य तितके खाली आणि शक्य तितके ॲक्सलच्या जवळ असावे, हा नियम धरून पुढच्या जागा पारखा.

पायरी 4 : जागा एकेक करून पारखा

मागचे दार. थार, थार रॉक्स, जिम्नी, गुरखा, बोलेरो आणि जिप्सी या सर्वांत कारखान्यातूनच चाक मागच्या दारावर येते. मूळ मापाचे किंवा त्याच्या फार जवळचे चाक असेल, तर माझे स्पष्ट मत आहे की ते तेथेच राहू द्यावे. कंपनीने दार, बिजागऱ्या आणि रबरी ठोकळे त्या वजनासाठी तपासलेले असतात, गाडीची मागची बाजू मोकळी राहते, आणि चाक छातीच्या उंचीवर असल्यामुळे उतरवणे सोपे जाते. थोडे जड चाक लावायचे असेल, तर दाराच्या आतून आधार देणारी पट्टी आणि जाड बिजागऱ्यांचा संच बसवता येतो. हे काम पत्र्याला वेल्डिंग न करता, मूळ बोल्टच्या छिद्रांतून व्हावे, असा आग्रह धरा. वेल्डिंगच्या उष्णतेने पातळ पत्र्याची ताकद जाते आणि रंगाखाली गंज सुरू होतो, आणि खाडीच्या खाऱ्या हवेत तो फार लवकर पसरतो.

दारावर चाक ठेवताना चार गोष्टी पाहाव्यात. मोठे चाक रबरी ठोकळ्यांना टेकते की हवेत राहते, ते बघा. ठोकळ्यांना न टेकणारे चाक सतत थरथरते आणि बोल्टची छिद्रे मोठी करते, त्यामुळे ठोकळे उंच करून घ्यावे लागतात. वरचा तिसरा ब्रेक दिवा, मागचा कॅमेरा आणि नंबर प्लेट झाकले जात नाहीत ना, तेही बघा. तिसरी गोष्ट, दार कोणत्या बाजूला उघडते याची नोंद घ्या. घोडबंदर रोडवर कडेला थांबून सामान काढायचे असेल आणि दार पदपथाच्या बाजूला उघडत असेल, तर तुम्हाला वाहत्या रहदारीच्या बाजूला उभे राहावे लागते. चौथी, दर दोन महिन्यांनी दार अर्धे उघडून त्याचे टोक दोन्ही हातांनी वर उचलून पाहा. हाताला स्पष्ट हालचाल जाणवली, तर बिजागरीची पिन झिजली आहे, असे समजा. दोन-तीन मिलिमीटरसुद्धा सूचना मानून मिस्त्रीला दाखवा.

मागच्या बंपरवरचे फिरते कॅरिअर. चाक मूळ मापापेक्षा बरेच मोठे असेल, तर हाच योग्य मार्ग. लोखंडी बंपर चॅसीला बोल्टने जोडतात, त्याच्या एका टोकाला जाड खुंटा असतो आणि त्यावर चाक धरणारा हात दारासारखा फिरतो. दारावर काहीच भार राहत नाही. पण यात कारागिरीचा दर्जा सर्वस्व आहे. खुंट्यात टेपर बेअरिंग (भार पेलणारे निमुळत्या रोलरचे बेअरिंग) आणि ग्रीस निप्पल (ग्रीस भरायचे तोंड) आहे का, ते विचारा. नुसत्या पाइपात पाइप फिरवलेले काम एका पावसाळ्यात जाम होते. हात बंद झाल्यावर त्याचे मोकळे टोक एका उतरत्या ठोकळ्यावर चढून बसले पाहिजे, म्हणजे धावत्या गाडीत वजन दोन्ही टोकांना वाटले जाते. ठोकळा नसेल, तर सगळा भार एकट्या खुंट्यावर राहतो आणि हात हळूहळू खाली झुकतो. लॅच एक असून भागत नाही. दुसरी, स्वतंत्र पिन हवीच, कारण घाटात वळणावर हात उघडला तर तो समोरून येणाऱ्या दुचाकीस्वाराला लागेल. हात पूर्ण उघडल्यावर तो तेथेच अडकून राहावा, अशी सोयही मागा. नाहीतर उतारावर उभ्या गाडीत तो आपोआप मिटतो आणि बोटे सापडतात.

या प्रकाराचे तोटेही लक्षात घ्या. सामान काढायला आधी हात आणि मग दार अशी दोन कामे रोज करावी लागतात. पार्किंग सेन्सर नव्या बंपरमध्ये नीट बसले नाहीत, तर सतत कोकलत राहतात. थारचा मागचा कोन, म्हणजे मागचा भाग जमिनीला न टेकता गाडी जितका तीव्र चढ-उतार पार करू शकते तो, सुमारे 37 अंश आहे आणि पाच दारांच्या जिम्नीचा त्याहून जास्त. चाक फार खाली किंवा फार मागे गेले, तर खोल नाल्यातून वर चढताना तेच आधी जमिनीला टेकते. आणखी एक गोष्ट प्रत्येक नवशिक्याला सांगावीशी वाटते : अडकलेली गाडी ओढून काढताना दोर कधीही कॅरिअरच्या हाताला किंवा चाकाला लावू नका. तो चॅसीवरच्या ओढकडीलाच लागला पाहिजे.

गाडीच्या पोटाखाली. फॉर्च्युनर, हायलक्स, व्ही-क्रॉस आणि जुन्या स्कॉर्पिओत चाक मागच्या ॲक्सलच्या मागे, जमिनीला समांतर, तारेवर किंवा साखळीवर टांगलेले असते. वजनाच्या दृष्टीने ही जागा उत्तम आहे, कारण ते सर्वांत खाली असते आणि मागचे दृश्य झाकत नाही. मात्र मोठे चाक येथे बहुधा मावत नाही, सायलेन्सरला किंवा डिफरन्शियलला घासते. चिखलात रुतलेल्या गाडीखालून ते काढणे फार कष्टाचे असते. शिवाय मागचा टायर बसला, की गाडीचा मागचा भाग खाली येतो आणि चाक बाहेर ओढायला जागाच उरत नाही. आधी जॅक लावून गाडी उचलावी लागते आणि मगच चाक निघते. हे पहिल्यांदा अनुभवणारा माणूस फार गोंधळतो, म्हणून जॅक ठेवायला एक जाड लाकडी फळी कायम गाडीत असू द्या.

या जागेचा खरा शत्रू गंज आहे. वाशी, नेरुळ किंवा कळव्याच्या खाडीजवळ उभ्या राहणाऱ्या गाडीची तार दोन पावसाळ्यांत जाम होऊ शकते. मे महिन्यात चाक पूर्ण खाली सोडा, तार तारेच्या ब्रशने घासा, ग्रीस लावा, चाकाची हवा तपासा आणि परत वर घ्या. वर घेताना चाक बॉडीला घट्ट टेकेपर्यंत फिरवा, बहुतेक गाड्यांत शेवटी टकटक आवाज येतो; मग खाली वाकून चाकाला हाताने जोरात हिसका द्या. ते हलता कामा नये. सैल टांगलेले चाक तार कापून महामार्गावर पडल्याचे प्रसंग घडतात.

छतावर. फोटोत हे सर्वांत देखणे दिसते, म्हणून नवखा माणूस इकडे ओढला जातो. मी मात्र शक्यतो टाळा, असेच म्हणेन. 36 किलोंचे चाक डोक्याच्या वर उचलायचे, तेही पावसात, निसरड्या पायदानावर उभे राहून, हे एकट्याने करून बघा म्हणजे कळेल. गुरुत्वमध्य वर गेल्यामुळे आडव्या उतारावर गाडी लवकर कलते. छताची क्षमता गाडीच्या पुस्तिकेत चालत्या गाडीसाठी दिलेली असते आणि ती उभ्या गाडीच्या क्षमतेपेक्षा बरीच कमी असते. त्यात कॅरिअरचे स्वतःचे वजनही धरावे लागते. कापडी किंवा उघडझाप होणाऱ्या छताच्या गाडीला तर हा पर्यायच नाही. लांबच्या मोहिमेत दुसरी स्टेपनी न्यायची असेल, तेव्हाच तेवढ्यापुरती ती छतावर, शक्य तितकी मध्यभागी, आडवी झोपवून आणि दोन दिशांनी रॅचेट पट्ट्यांनी (खटक्याने ताणून घट्ट होणाऱ्या पट्ट्यांनी) बांधून न्यावी.

गाडीच्या आत. मागचे आसन मिटवून चाक आत ठेवणारे पुष्कळ आहेत. ते चोरीला जात नाही, गंजत नाही आणि वजनही ॲक्सलजवळ राहते. पण बांधल्याशिवाय ते आत ठेवणे जिवावर बेतू शकते. 50 किमी वेगातली गाडी धडकून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर आतली प्रत्येक वस्तू आपल्या वजनाच्या सुमारे 14 पट जोराने पुढे झेपावते. 36 किलोंचे चाक त्या क्षणी 500 किलोंच्या धक्क्याने पुढच्या आसनावर आदळेल. म्हणून फरशीतल्या मूळ कड्यांना, म्हणजे कारखान्याने चॅसीपर्यंत बोल्ट केलेल्या जागांनाच, किमान दोन रॅचेट पट्ट्या आडव्या-तिडव्या बांधा. प्लॅस्टिकच्या हुकांना किंवा आसनाच्या पाइपाला बांधलेली दोरी पुरेशी समजू नये. मागे प्रवासी बसणार असतील, तर हा पर्याय विसरा.

बाजूला आणि बॉनेटवर चाक ठेवण्याची पद्धत जुन्या जीपगाड्यांत दिसते. सीजे-2ए या नागरी जीपला मागे उघडणारे फळीचे दार दिल्यामुळे तिचे चाक मागून काढून बाजूला नेले गेले. आपल्याकडे महिंद्राच्या सीजे-3बी मध्येही ते बाजूलाच असे. अशी जुनी गाडी असेल, तर ते तसेच जपा. आजच्या गाडीत बाजूला चाक लावले की रुंदी वाढते आणि बॉनेटवर ठेवले की समोरचा रस्ता झाकतो, त्यामुळे दोन्ही पर्याय सोडून द्यावेत.

पायरी 5 : पार्किंगची जागा टेपने मोजा

ही पायरी कोणी सांगत नाही आणि आपल्या शहरांत तिच्यावाचून अडते. आपल्या सोसायट्यांत पोडियम, तळघर आणि एकावर एक गाड्या उचलणारी यांत्रिक पार्किंग आहे. यांत्रिक पार्किंगच्या तोंडाशी लांबी, उंची आणि वजनाची मर्यादा लिहिलेली असते. ती वाचा आणि वहीत उतरवून घ्या. तीन दारांची थार 3,985 मिमी लांब आहे. बंपर आणि कॅरिअरने मागे 15 ते 20 सेंटिमीटर वाढवले, की ती सुमारे 4.14 ते 4.19 मीटर होते, आणि मागच्या भिंतीपाशी दार उघडायला जागा उरत नाही. उंचीचेही तसेच. सुमारे 1.84 मीटर उंचीच्या थारवर 10 सेंटिमीटरचे कॅरिअर आणि त्यावर 25 सेंटिमीटर जाडीचे आडवे चाक ठेवले, तर उंची 2.2 मीटरच्या जवळ जाते. अनेक तळघरांच्या आडव्या कमानी त्याहून खाली असतात. पाण्याचे पाइप आणि दिव्यांच्या पट्ट्याही मोजायला विसरू नका. पार्किंगचे माप घेतल्यावर मी माझे कॅरिअर खुंट्याच्या बाजूने आठ सेंटिमीटर पुढे सरकवून घेतले, नाहीतर दररोज गाडी पुढे घेऊन मगच दार उघडावे लागले असते.

पायरी 6 : कायदा आणि कागदपत्रे

मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणीपत्रातील मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हीच भूमिका अधिक स्पष्ट केली. 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182अ नुसार परवानगी नसलेल्या बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पुढच्या लोखंडी क्रॅश गार्डविरुद्ध केंद्राने डिसेंबर 2017 मध्येच राज्यांना कारवाई करायला सांगितले होते. त्यामुळे मागचा लोखंडी बंपर बसवण्यापूर्वी तुमची गाडी ज्या आरटीओत नोंदवली आहे, म्हणजे एमएच 04 असेल तर ठाणे आणि एमएच 43 असेल तर वाशी, तेथे लेखी विचारणा करून उत्तर फाइलला लावा. मूळ जागेवरची बिजागरी बळकट करणे आणि कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडचे साहित्य लावणे, हा सर्वांत निर्धोक मार्ग राहतो.

मागची नंबर प्लेट पूर्ण दिसली पाहिजे आणि रात्री तिच्यावर दिवा पडला पाहिजे. चाकामुळे प्लेट झाकली जात असेल, तर तिचा दिवा आणि प्लेट दोन्ही हलवावे लागतात. प्लेट हलवली आणि दिवा तिथेच राहिला, अशी चूक मी अनेक गाड्यांवर पाहिली आहे. पंधरा वर्षे झालेली जिप्सी किंवा जीप पुनर्नोंदणीसाठी न्यायची असेल, तर तपासणीच्या आधीच सर्व काही मूळ स्थितीत आहे का, ते बघा.

सोबत ठेवायची कागदपत्रे अशी :

- नोंदणीपत्र आणि विमा पॉलिसीची प्रत
- बंपर, कॅरिअर किंवा बिजागरी संचाचे जीएसटी बिल
- काम करण्यापूर्वीचे आणि नंतरचे चारही बाजूंचे फोटो
- विमा कंपनीला बदल कळवल्याच्या ईमेलची प्रत आणि तिचे उत्तर
- आरटीओचे लेखी उत्तर, आणि सोसायटीच्या यांत्रिक पार्किंगची मापे

विमा कंपनीला न कळवता केलेला बदल अपघाताच्या दाव्याच्या वेळी आडवा येतो, म्हणून ईमेल पाठवण्यात आळस करू नका.

पायरी 7 : काम करून घेताना मिस्त्रीसमोर उभे राहा

माझे पहिले काम मी सकाळी गाडी देऊन संध्याकाळी परत आणले आणि तेथेच चूक झाली. स्पेसर लावला आहे, हे मला घरी आल्यावर कळले. वागळे इस्टेट, रबाळे, महापे आणि तुर्भ्याच्या पट्ट्यात चांगले फॅब्रिकेटर आहेत, आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या भागांचे दुकानदारही. जाताना पुढील साधने स्वतः न्या : मापाची टेप, टॉर्च, चुंबक, खडू आणि पायरी 2 मध्ये काढलेल्या आकड्यांचा कागद. चुंबकाने पाइप लोखंडाचा आहे की रंगवलेला हलका धातू, ते कळते.

मिस्त्रीला पाइपाची जाडी विचारा आणि कापलेल्या टोकावर ती टेपने मोजा. वेल्डिंग पूर्ण झाल्याशिवाय रंग लावू देऊ नका. सांध्याभोवती अखंड, माशाच्या खवल्यांसारखी एकसारखी रेघ दिसली पाहिजे. ठिपक्या-ठिपक्यांचे वेल्डिंग पाहिले, तर पुन्हा भरायला सांगा. चॅसीला भोक पाडू किंवा वेल्डिंग करू देऊ नका, मूळ बोल्टच्या जागा वापरायला लावा. वेल्डिंग करताना गाडीच्या बॅटरीचे टोक काढून ठेवले आहे का, ते डोळ्यांनी पाहा, कारण उलट्या प्रवाहाने गाडीतले संगणक जळू शकतात. पाइपाच्या खालच्या बाजूला पाणी निघून जायला लहान भोके ठेवायला सांगा, नाहीतर आतून गंज लागतो आणि बाहेरचा रंग शेवटपर्यंत चकचकीत राहतो.

पायरी 8 : काम झाल्यावर त्याच ठिकाणी तपासा

पैसे देण्याआधी तेथेच चार गोष्टी करा. गाडीच्या मागे एक मीटर अंतरावर 45 सेंटिमीटर उंचीचे प्लॅस्टिकचे स्टूल ठेवा आणि आसनावर बसून कॅमेऱ्यात आणि आरशात ते दिसते का, ते पाहा. खाली बसलेले लहान मूल साधारण तेवढेच उंच असते. दिवे, इंडिकेटर, तिसरा ब्रेक दिवा आणि प्लेटचा दिवा एकेक करून तपासायला दुसऱ्या माणसाला मागे उभे करा. दार आणि कॅरिअर दहा वेळा उघड-बंद करा. दहाव्या वेळी लागायला पहिल्यापेक्षा जड गेले, तर जोड सरकला आहे. चौथी गोष्ट म्हणजे चाकाचे नट आणि कॅरिअरचे बोल्ट टॉर्क पान्याने (ठरलेल्या जोरापर्यंतच आवळणाऱ्या पान्याने) पुस्तिकेतल्या आकड्याइतके आवळून त्यावर रंगाच्या पेनाने एक रेघ काढा. रेघ मोडली, की नट फिरला हे दुरूनच कळते. एक नट कुलपाचा ठेवा आणि त्याची किल्ली गाडीतच, पण पान्यांच्या पिशवीपासून वेगळी ठेवा.

मग नेहमीच्या रस्त्यावर 100 किमी आणि खड्ड्यांच्या रस्त्यावर 50 किमी चालवून सगळे बोल्ट पुन्हा एकदा आवळा. नवा रंग बोल्टखाली दबून बसतो आणि पहिल्या आठवड्यात बोल्ट सैल होणे अगदी नेहमीचे आहे.

पायरी 9 : चाक उतरवण्याचा सराव घरीच करा

रविवारी सकाळी, सोसायटीच्या आवारात, गाडीत नेहमी असणारी माणसे बोलावून चाक एकदा उतरवा आणि परत चढवा. माझ्या घरी पत्नीने आणि मी मिळून ते केले, तेव्हा कळले की गाडीबरोबर आलेला पाना कॅरिअरच्या नटापर्यंत पोहोचतच नव्हता. 20 सेंटिमीटरची जोडदांडी वेगळी घ्यावी लागली. एकट्याने चाक वर चढवताना ते मांडीवर तोलून, टायरखाली पाय देऊन उचलावे, कंबरेने उचलू नये. घरात कोणी ज्येष्ठ किंवा कृश व्यक्ती गाडी चालवत असेल आणि तिला चाक उतरवता येत नसेल, तर जागा बदलण्याचा किंवा हलक्या रिमचा विचार तेव्हाच करा.

सराव करताना स्टेपनीवरची तारीखही वाचा. टायरवर चार अंकांचा कोड असतो, त्यातील पहिले दोन अंक आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष. 2323 म्हणजे 2023 चा तेविसावा आठवडा. मागे टांगलेले चाक ऊन-पावसात रोज असते आणि न वापरताही रबर कडक होते. म्हणून पाचही चाके दर 8,000 ते 10,000 किमीवर आळीपाळीने बदलत राहा, म्हणजे स्टेपनी नवी आणि चार टायर घासलेले, अशी तफावत राहत नाही. स्टेपनीची हवा चालत्या चाकांपेक्षा तीन-चार पाउंड जास्त ठेवा. नंतर कमी करता येते, पण टोकावड्याच्या पुढे कच्च्या रस्त्यावर वाढवायला पंप मिळत नाही.